साक्षीची खुर्ची

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी, असा रिवाज दिसतो. माझी निवृत्ती अजून फार लांब आहे. तरी संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "तुझं काम वेगळं आहे, तू लिही." हे वेगळं काम सांगायला मला नेहमी दोन वाक्यं लागतात, आणि दुसऱ्या वाक्याला ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. पहिलं वाक्य: मी चेन्नईत, अण्णा नगरमध्ये, एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. दुसरं: युद्धात निरपराध माणसं मारली गेली, बेपत्ता झाली, त्याबद्दल राष्ट्रप्रमुखांवर आणि सेनापतींवर खटले व्हावेत म्हणून आम्ही साक्षी लिहून घेतो.

गेल्या गणपतीत मराठी मंडळाच्या जेवणात शहराबाहेरच्या ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यातला एक इंजिनिअर शेजारी बसला होता. पुण्याचा, सभ्य मुलगा. त्यानं दोन्ही वाक्यं नीट ऐकून घेतली.

"मग पकडलं का कुणाला?"

"नाही."

"एकालाही नाही?"

"आमच्या साक्षींवर अजून एकालाही नाही."

त्यानं माझ्या ताटात आणखी एक मोदक ठेवला, आजारी माणसाच्या ताटात ठेवतात तसा.

मी चिडले नाही. कारखान्यात वर्षभर काम करून एकही गाडी बाहेर पडली नाही तर माणसाला असंच वाटणार. आमच्या कारखान्याचा माल निघायला किती काळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून ते काम करायचंच नाही, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही, आणि त्याला माझे बाबा कारण आहेत.

बाबा मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी चेन्नईजवळच्या आवडी या गावी रणगाड्यांच्या संरक्षण कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. माझा जन्म तिथल्या क्वार्टर्समधला. इतर घरांत मुलांना गोष्टी वाचून दाखवतात, आमच्या घरी हँडबिलं वाचून दाखवायचे. बाबा युनियनचे. संपाचं, बोनसचं, कँटीनच्या आमटीचं, सगळ्याचं पत्रक ते आधी मराठीत लिहीत, कारण राग त्यांना मराठीतच येतो. मग शेजारचे मुरुगेसन मामा त्याचं तमिळ करत. मी दोन्ही भाषा अशा वाचायला शिकले. त्यामुळे माझी मराठी काय किंवा तमिळ काय, बोलायला लागली की घोषणा दिल्यासारखी वाटते, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात.

त्या पत्रकांतली एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली. कामगार गेटवर थोडा उशिरा आला तरी त्याच्या हातात "कारणे दाखवा" नोटीस पडते. त्याला टेबलासमोर उभं करतात, प्रश्न विचारतात, उत्तर टिपून घेतात. साहेबाच्या एका चुकीच्या सहीनं अख्खं खातं बंद पडलं तरी साहेबाला कुणी काही विचारत नाही. बाबा म्हणायचे, "आपल्याला साहेबाचं वाईट करायचं नाही, पोरी. त्याला त्याच टेबलासमोर उभं करायचं आणि तेच विचारायचं. का केलंत?"

तेव्हापासून माझं मत साधं आहे. गेटवरच्या कामगाराला "का" विचारता येतं, तर ज्याच्या शब्दावर तोफा चालतात त्यालाही विचारता आलं पाहिजे. पद मोठं म्हणून माफी मोठी, हा न्याय नव्हे. हे मी कॉलेजात वादविवाद स्पर्धेत म्हटलं आणि हरले. पुढे राव सारांच्या ऑफिसात मुलाखतीला म्हटलं आणि नोकरी लागली.

राव सार तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले आणि त्यांची भाषा तिथेच, त्या काळात थांबली. तिच्यात मग तमिळ मुरत गेलं. पहिल्या दिवशी ते दारातून म्हणाले, "भितर ये गे पोरी, उभी कां?" आणि मला वाटलं, कुणी जुन्या बखरीतून उठून माझ्याशी बोलतंय. "सगळं" या अर्थी ते "अस्कं" म्हणतात, "पाहिजे"च्या जागी "होणा". माझ्या बोलण्याला ते "तुमची पुण्याची मराठी" म्हणतात. माझे आईवडील इचलकरंजीचे आहेत हे मी त्यांना अनेकदा सांगितलंय. त्यांच्या लेखी कावेरीच्या वरचं सगळं पुणंच.

ऑफिस म्हणजे त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. मागे मामी, म्हणजे त्यांची बायको. मामींची काफी दर दोन तासांनी पुढे येते आणि ती नाकारणं हा ऑफिसातला एकमेव अक्षम्य गुन्हा आहे.

पुढच्या खोलीत एक वेताची खुर्ची आहे. साक्षीदार तिच्यावर बसतो. तिचा मागचा एक पाय आखूड, बसलं की खुर्ची डुगडुगते. मी कामाला लागले त्याच आठवड्यात राव सारांनी माझ्या पिशवीतून डोकावणारं एक पत्रक मागितलं. मला आनंद झाला, कारण ते मी स्वतः लिहिलेलं होतं: "हुकूमशहांनो, हिशेब द्या". त्यांनी ते नीट वाचलं, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या पायाखाली सारलं.

"चांगला कागद आहे," म्हणाले. "जाड."

आता कामाबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं, साक्ष घेणं म्हणजे दुःख ऐकून घेणं. दुःख तर ऐकतोच. पण लिहायचं ते फक्त साक्षीदारानं डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. "लोक म्हणत होते" हे वेगळं, "मी पाहिलं" हे वेगळं. आम्ही विचारायचं ते एवढंच: मग काय झालं? तुम्ही कुठे उभ्या होतात? तिथून काय दिसत होतं? उत्तर आपण सुचवायचं नाही, "सैनिक होते ना?" असं तर मुळीच नाही. मग लिहिलेलं सगळं साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल तिथे दुरुस्त करायचं. ही साक्ष युरोपातल्या एका देशातल्या वकिलांकडे जाते. तिथल्या कायद्याप्रमाणे काही गुन्हे इतके मोठे मानले जातात की ते जगात कुठेही घडले असले तरी तिथे खटला चालवता येतो. राष्ट्रप्रमुख गादीवर असेपर्यंत परक्या कोर्टाचा हात सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. गादी गेली की वाट थोडी मोकळी होते. ती थोडी वाट बांधून काढायला आम्ही दगड-माती टाकतो.

माझ्या पहिल्या मसुद्यांत "अमानुष", "रक्तपिपासू", "नराधम" हे शब्द मुक्तपणे वावरत होते. राव सारांनी मला बोलावलं.

"हें अस्कं त्या म्हातारीनं सांगितलं का?"

"तसं नाही सार, पण अर्थ तोच होता."

"कोर्टाला अर्थ नको. कोर्टाला जागा होणा, वेळ होणा, कोण उभं होतं तें होणा. नराधम कोण तें कोर्ट ठरवील. तूं ठरवलीस तर मग कोर्टाला काम काय?"

मला त्यांचा राग आला होता. आता मीच नव्या मुलांच्या मसुद्यातली विशेषणं वेचून काढते, तांदळातले खडे काढावेत तशी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ तर कायमचे लक्षात राहिले. आमच्याच भागातले, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. त्यांना सात देशांच्या प्रमुखांवर एकदम केस घालायची होती. राव सारांनी विचारलं, "यांपैकी कुठल्या देशांत आपण होतां?"

"कुठल्याच नाही. मी रोज बातम्या बघतो."

"काय पाहिलंत?"

"अस्कं," ते राव सारांच्याच शब्दात म्हणाले, कारण तेही तंजावरचेच निघाले. मग दोघांचं नातं निघालं, मामींनी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, आणलं, आणि सातही राष्ट्रप्रमुख त्या दिवसापुरते सुटले. जाताना ते गृहस्थ मला म्हणाले, "मी साक्षीदार नसेन, पण मला राग आला ते खरं ना?" मी म्हटलं, खरं. त्यांना राग आला नसता तर मलाच काळजी वाटली असती.

राव सार स्वतः या कामावर माझ्याएवढा विश्वास ठेवत नाहीत, हे मला फार दिवस कळत नव्हतं. काफीवर आमचं भांडण ठरलेलं.

"लहान देशाचे पुढारी सांपडतात," ते म्हणत. "मोठ्या देशाचा एक तरी सांपडला का? हा न्याय की मासे पकडणं?"

"म्हणून लहान मासाही सोडायचा का सार?"

"आणि तुरुंग दिसला तर कोण खुर्ची सोडील? मरेपर्यंत लढेल तो. तुझ्या खटल्यापायी लढाई लांबेल."

"तुरुंग नव्हता तेव्हा कुठे लवकर थांबली?"

"तुझा बाप रणगाड्यांच्या कारखान्यांत, आणि तूं रणगाडेवाल्यांना पकडायला निघालीस."

"म्हणूनच निघाले."

आतून मामी म्हणायच्या, "काफी निवते आहे, मग दोघांवर केस घालीन." तिथे वाद संपायचा. तरी एवढा अविश्वास असणारा माणूस हे काम का करतो, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मला वाटतं तें चूक निघालं तर बरं, म्हणून."

पाक्कियम अक्का आमच्याकडे आल्या त्या बाबांमुळे. श्रीलंकेतल्या युद्धातून समुद्र ओलांडून आलेल्या निर्वासितांपैकी त्या एक. छावणीत काही वर्षं काढून नंतर आवडी स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहू लागल्या. सकाळी इडिअप्पम विकतात, तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या. सोबत नारळाच्या दुधाची पातळ पिवळी सोधी. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज फिरून येताना त्यांच्याकडून इडिअप्पम आणतात. पाच-सहा वर्षं नुसतं "तीन बांधा" आणि "आज उशीर झाला का अण्णा" एवढंच बोलणं होतं. एके दिवशी बाबांनी सहज सांगितलं, माझी मुलगी अमुक काम करते. अक्कांनी पुडी बांधायची थांबवली आणि विचारलं, "ती बसबद्दल विचारते का?"

बाबांना काही कळलं नाही. त्यांनी मला सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यासमोर उभी राहिले.

अक्का ठेंगण्या, सावळ्या, बोलताना एक भुवई वर जाणाऱ्या. आमचं बोलणं तमिळमध्ये. माझं तमिळ ऐकून पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, "पिळ्ळै, तू रिक्षावाल्याशी भांडल्यासारखी का बोलतेस?" पिळ्ळै म्हणजे लेकरू. त्यांच्या बेटावरचं तमिळ मऊ, पुस्तकी. माझं आवडी स्टेशनचं.

त्यांची हकिगत इथे मी थोडक्यात सांगते, त्यांच्या परवानगीनं. युद्धाच्या शेवटी हजारो माणसं समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकली होती. तिथून बाहेर पडून सैन्याच्या हद्दीत आल्यावर एका मैदानात सगळ्यांना बसवलं. लाऊडस्पीकरवरून तमिळमध्ये सांगत होते: बंडखोरांबरोबर जो कुणी एक दिवसही होता त्यानं इकडे येऊन नाव सांगावं, सरकारचा शब्द आहे, चौकशी करून सोडून देऊ. अक्कांचा मुलगा शेजारी बसला होता, सतरा वर्षांचा. अक्काच त्याला म्हणाल्या, "जा, नाव दे. खोटं राहिलं तर जन्मभर लपावं लागेल." तो गेला. त्याला इतर मुलांबरोबर एका हिरव्या बसमध्ये बसवलं. त्यानं खिडकीतून हात दाखवला. बस गेली.

बस कुठे गेली हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. ठाणी, छावण्या, कार्यालयं, सगळीकडे त्यांनी विचारलं. सगळीकडे उत्तर एकच, अशी कुठलीही बस नव्हती.

ही साक्ष ऐकून माझ्या अंगात बाबांची सगळी पत्रकं एकदम उठली. सरकारचा शब्द. लाऊडस्पीकरवर दिलेला, भर मैदानात. तो शब्द शिपायाचा नव्हता, वरून आलेला होता. अशीच साक्ष आम्हाला हवी होती.

अडचण एका परिच्छेदाची होती. मुलगा त्या रांगेत का गेला? कारण तो खरंच बंडखोरांबरोबर होता. त्याच्या काही महिने आधी बंडखोरांनीच त्याला घरातून ओढून नेलं होतं. अक्का एक हात धरून ओढत होत्या, ती माणसं दुसरा. त्यांच्यातलाच एक जण गल्लीतला, लहानपणी अक्कांकडे जेवलेला. शेवटच्या पळापळीत मुलगा त्यांच्या हातून निसटून आईकडे परत आला होता. अक्कांनी हे सगळं तपशीलवार सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं.

ही गोष्ट बाहेर कळली. निर्वासितांसाठी झटणाऱ्या समितीतला रवी अण्णा ऑफिसात आला. भला माणूस. त्याचे दोन भाऊ बंडखोरांकडून लढताना गेले. आमच्याकडचे निम्मे साक्षीदार त्यानंच आणलेले. तो खुर्चीत बसला नाही, उभ्यानंच बोलला.

"अक्का, तो भाग काढा. तुमचा मुलगा शाळेतला होता, एवढं पुरे. नाहीतर ते म्हणतील, अतिरेकी होता, नेला तर काय बिघडलं."

"तो शाळेतलाच होता," अक्का म्हणाल्या. "तुमच्या लोकांनी शाळेतून काढला."

"मेलेल्या माणसांची बदनामी कशाला? आपल्या वस्तीत लोक काय म्हणतील? उद्या तुमच्याकडे इडिअप्पम घ्यायला कुणी येणार नाही."

"आवडीचे रेल्वेवाले येतील," अक्का म्हणाल्या. भुवई वर गेली होती, पण आवाज हलला होता. त्या वस्तीतच त्यांची लग्नं-मयतं, त्यांचा देव, त्यांचं सगळं होतं.

रवी अण्णा गेल्यावर मी बोलले. मला तेव्हा तो बरोबर वाटत होता. पत्रकात शत्रू एकच असावा लागतो, दोन झाले की वाचणारा गोंधळतो. मी म्हटलं, "अक्का, खटला त्या मोठ्या माणसावर, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षावर आहे. बंडखोरांचा पुढारी तर मेला. त्याच्यावर खटला होणार नाही. मग तो परिच्छेद ठेवून आपण आपलाच पाय का मोडायचा?"

अक्कांनी मान वळवली. राव सारांकडे बघून म्हणाल्या, "सार, ही पोर तुमच्याकडे किती वर्षं शिकते आहे?"

"अजून शिकते आहे," राव सार म्हणाले.

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. साक्ष परदेशी पाठवण्यापूर्वी राव सार आरोपीचे वकील होतात. कोट चढवतात, चेन्नईच्या उकाड्यातसुद्धा, आणि साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारतात. उत्तर शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त बघायचं की साक्ष कुठे फाटते. फाटली तर पाठवायची नाही. साक्षीदाराला आधी सांगून ठेवतात, "आतां मी तुमचा माणूस नव्हे. कोट उतरवीन तेव्हां पुन्हां तुमचा." परदेशी कोर्टात बोलणं दुभाष्यामार्फतच होतं, म्हणून सार त्यांच्या मराठीत विचारतात आणि मी दुभाषी. बाबाही त्या दिवशी आले होते, अक्कांना ट्रेननं घेऊन. ते आत मामींजवळ बसले.

अक्का खुर्चीत बसल्या. खुर्ची पत्रकावर किंचित डुगडुगली.

"परिच्छेद नाही असं धरून चालूं," राव सारांनी सुरुवात केली. मी रवी अण्णाच्या सांगण्याप्रमाणे तयार केलेला मसुदा त्यांच्या हातात होता. "तुमचा मुलगा शाळकरी. मैदानांत हजारों शाळकरी होते. त्यांना बसमध्यें नेलं का?"

"नाही."

"मग यालाच कां नेलं?"

अक्कांनी त्यांच्या हातातल्या मसुद्याकडे बघितलं.

"बसमध्यें बसला असं कुणी दुसऱ्यानं पाहिलं का? नाही. शाळकरी मुलाला नेण्याचं कारण? नाही. मग मी म्हणतों, बस नव्हतीच. मुलगा गर्दींत हरवला, आणि आई दोष द्यायला कुणी शोधते आहे."

मी ते वाक्य जसंच्या तसं तमिळमध्ये सांगितलं.

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस पिळ्ळै? तुझ्या कागदानं माझी बसच नाहीशी केली. त्यांना इतकी वर्षं जमलं नाही ते तू एका परिच्छेदात केलंस."

मग त्या राव सारांकडे वळल्या आणि स्वतःहून सगळं सांगितलं. घरातून ओढून नेणं, गल्लीतला मुलगा, बंडखोरांकडचे ते महिने, मग लाऊडस्पीकर. "तो त्यांच्याबरोबर होता म्हणून त्या रांगेत गेला. मीच पाठवला. सरकारनं शब्द दिला म्हणून पाठवला."

"म्हणजे लढणारा होता," राव सार म्हणाले. कोट अजून अंगावर होता. "लढणाऱ्याला पकडलं तर गुन्हा काय?"

"पकडला ते मी विचारतच नाही. पकडला, मग कुठे ठेवला? जिवंत आहे तर दाखवा. मेला तर कसा मेला सांगा. लढणाऱ्याला आई नसते का?"

"राष्ट्राध्यक्ष त्या मैदानांत होते का? तुम्ही पाहिलं?"

"नाही."

"त्यांनी बस पाठवली, तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर त्याला विचारायचंय. लाऊडस्पीकर आपोआप बोलत नाही सार. बोलणाऱ्याला कुणीतरी सांगितलं. त्याला त्याच्या वरच्यानं. असं वर वर गेलं की कुठेतरी एक माणूस असेल, ज्याला सांगणारा कुणी नाही. त्याला इथे बसवा. मला इतके प्रश्न विचारलेत, मी दिली ना उत्तरं? आता त्याची पाळी."

राव सारांनी हातातला मसुदा बाजूला ठेवला. कोट उतरवून खुंटीला लावला, हे त्यांचं "माझं झालं" म्हणायचं चिन्ह. मग मला म्हणाले, "परिच्छेद ठेव. पहिल्या पानावर."

बाबा आतून दारात येऊन उभे होते. त्यांना तमिळ वादविवाद चांगला कळतो. ते अक्कांना म्हणाले, "तुमच्यासारखी एक बाई आमच्या युनियनमध्ये असती तर आम्ही एकही संप हरलो नसतो."

"संप नको अण्णा," अक्का म्हणाल्या. "तुम्ही आधी सोधीचा डबा परत आणा. तीन दिवस झाले."

चहापाणी झाल्यावर मी त्यांना विचारलं, मेलेल्या पुढाऱ्याबद्दलचं ते सगळं लिहून उपयोग काय. या वेळी त्यांनी मला उत्तर दिलं. म्हणाल्या, "तो मेला तेव्हा लोक रडले, काही लोकांनी फटाके लावले. मी काहीच केलं नाही. मला त्याला विचारायचं होतं, माझा मुलगा का ओढून नेलास. आता कुणाला विचारू? मेला तो सुटला. म्हणून या दुसऱ्याला फाशी-बिशी देऊ नका, पिळ्ळै. तो मला जिवंत पाहिजे. बोलता पाहिजे."

माझ्या पत्रकांत मी फाशी किती सहजपणे मागत होते ते मला आठवलं. मी अजूनही पत्रकं लिहिते. अजूनही म्हणते, गादीवरच्या माणसावर खटला झालाच पाहिजे, आपल्या देशातला असो, परक्या देशातला असो, लहान असो वा मोठा. पण का, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी "शिक्षेसाठी" म्हणत असे. आता म्हणते, उत्तरासाठी. शिक्षा त्यानंतरची गोष्ट. बाबा हेच सांगत होते, पण मला ते कळायला इडिअप्पम विकणाऱ्या अक्का लागल्या.

अक्का परत निघाल्या तेव्हा दारात थबकल्या. "सार, त्याला खरंच आणलं तर त्याच्या बाजूनं वकील असेल ना?"

"असावाच लागतो. नाहीतर खटला कसला?"

"मग तुम्ही घ्या ती केस."

राव सार हसले नाहीत. "मी? कां?"

"तुम्ही चांगलं भांडता. कच्चा वकील मिळाला तर उद्या तो म्हणेल, मला नीट बोलूच दिलं नाही. तुम्ही असलात म्हणजे त्याला नीट उत्तर द्यावंच लागेल. पण मुद्दाम हरू नका हं."

राव सारांनी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "फी काफी होणा." मामी आतून म्हणाल्या की काफी आरोपीच्या घरून येईल, आमच्याकडची नाही.

साक्ष गेली, दोन्ही बाजूंसकट. रवी अण्णा काही महिने आमच्याकडे फिरकला नाही. वस्तीतल्या एक-दोन घरांनी खरंच इडिअप्पम घेणं बंद केलं. बाबांनी त्यावर उपाय म्हणून तीनऐवजी सहा आणायला सुरुवात केली आणि आमच्या घरी आठवडाभर दुसरं काही शिजलं नाही. पुढे एका सकाळी रवी अण्णाच अक्कांच्या पाटीसमोर उभा दिसला. काही न बोलता डबा पुढे केला. अक्कांनी भरला, वर सोधी जास्त घातली. मला हे बाबांनी सांगितलं. साक्षीत लिहिता येणार नाही, कारण मी पाहिलेलं नाही.

युरोपातल्या वकिलांनी अक्कांची कॉम्प्युटरच्या पडद्यावरून दोनदा चौकशी केली. अक्का निळी साडी नेसून त्याच खुर्चीत बसल्या. परदेशी बाईंनी शेवटी विचारलं, या खटल्यातून तुम्हाला काय मिळावं असं वाटतं? मी दुभाषी होते. अक्का म्हणाल्या, "ती बस कुठे गेली." मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंना वाटलं वाक्य अजून पुरं व्हायचं आहे, त्या थांबल्या. मी म्हटलं, वाक्य एवढंच आहे.

त्यानंतर तिकडून कळलं की प्रकरण विचाराधीन आहे. विचार चालू आहे, अजून चालू आहे. मंडळाच्या जेवणात तो इंजिनिअर पुन्हा भेटला तर मी त्याला हेच सांगणार. आणि तो मोदक वाढायला लागला तर दोन घेणार.

अक्का महिन्यातून एकदा ऑफिसात येतात. इडिअप्पमचं पुडकं मामींच्या हातात देतात, पुढच्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, "आला का तो?"

"अजून नाही," राव सार म्हणतात.

"येईल."

गेल्या वेळी त्या नुसतं एवढं म्हणून थांबल्या नाहीत. खुर्चीजवळ गेल्या, हातानं हलवून बघितली. ती डुगडुगली. वाकून पायाखालचं माझं पत्रक बघितलं, आता पार दबून पातळ झालेलं.

"सार, ही आधी दुरुस्त करून घ्या. वय झालेला माणूस आहे तो. बसताना पडला-बिडला, तर उत्तर न देताच जाईल."

दुसऱ्या दिवशी राव सारांनी सुताराला बोलावलं. त्यानं आखूड पायाला नवा तुकडा जोडला, पॉलिश केलं, पत्रक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हे टाकायचं का. मी ते पिशवीत ठेवलं.

खुर्ची आता हलत नाही.